स्पेशालिटी कॉफीतल्या फ्लेवर नोट्स कशा ओळखायच्या आणि कशा सांगायच्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाकिटावर 'जाई, लिंबू, मध' असं लिहिलेलं असतं. हे पदार्थ कॉफीत घातलेले असतात का?

नाही. या शब्दांना फ्लेवर नोट्स म्हणतात आणि ती तुलना असते: ही कॉफी पिताना कशाची आठवण होते, एवढंच त्या शब्दांतून सांगायचं असतं. पण ही आठवण हवेतून आलेली नसते. भाजलेल्या कॉफीत आठशेहून अधिक गंधद्रव्यं सापडली आहेत आणि त्यांतली बरीच इतर खाद्यपदार्थांत व फुलांतही असतात. लिनालूल अनेक फुलांत असतं, फ्युरॅनिऑल स्ट्रॉबेरीत आणि कॅरमलमध्ये, डायअसेटिल लोण्यात, व्हॅनिलिन व्हॅनिलाच्या शेंगेत. तेच द्रव्य कपातून नाकाशी आलं की मेंदू ओळखीचं नाव पुढे करतो.

दोन अपवाद लक्षात ठेवा. 'फ्लेवर्ड' म्हणून विकली जाणारी कॉफी भाजल्यानंतर अर्क लावून तयार करतात. 'को-फर्मेंट' प्रकारात कॉफीची फळं आंबवताना त्यात दुसरी फळं किंवा मसाले टाकतात. अशा कॉफीत पीच किंवा दालचिनी अगदी ठळक लागते. विकणाऱ्याने ते पाकिटावर स्पष्ट लिहायला हवं, असं आमचं ठाम मत आहे.

चव आणि फ्लेवर यांत फरक काय?

जिभेला पाचच गोष्टी कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूमच्या रश्शासारखी रुचकर चव). जाई, संत्रं, कोको, देवदाराचं लाकूड हे सगळं नाकाचं काम. घोट गिळताना गंध घशाच्या मागच्या बाजूने नाकात चढतो आणि आपल्याला तो तोंडातच असल्यासारखा वाटतो. चव, हा मागून येणारा गंध आणि तोंडाला जाणवणारा स्पर्श मिळून फ्लेवर होतो.

खात्री करून घ्यायची असेल तर नाक चिमटीत घट्ट धरा, कोमट कॉफीचा घोट घ्या, तोंडात फिरवा आणि गिळा. फक्त आंबट-कडू जाणवेल. आता तोंड मिटलेलंच ठेवून नाक सोडा आणि श्वास बाहेर टाका. त्या क्षणी जे भरभरून येतं, त्यातच नोट्स असतात. रोज दोन-तीन घोट असे घेतले तर कुठे लक्ष द्यायचं ते आठवडाभरात कळायला लागतं.

जिभेच्या टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा अजूनही छापला जातो. तो १९०१ च्या एका जर्मन अभ्यासाच्या चुकीच्या वाचनातून पसरला. पाचही चवी जिभेवर सगळीकडे कळतात, त्यामुळे घोट 'योग्य जागी' नेण्याच्या खटाटोपात पडू नका.

मला प्रत्येक कपात फक्त 'कॉफी'च लागते. माझ्या जिभेत काही दोष आहे का?

जवळपास कधीच नसतो. एकटा कप समोर असेल तर तुलनेला काहीच नसतं, आणि तुलना नसेल तर फरक कळत नाही. दोन अगदी वेगळ्या कॉफी शेजारी शेजारी ठेवा: एक इथिओपियाची वॉश्ड (गर धुऊन काढून वाळवलेली), दुसरी ब्राझीलची नॅचरल (फळ सालीसकट वाळवलेली). भाजणी दोन्हींची हलकी ते मध्यम असावी. 'यात काय लागतंय?' असं स्वतःला विचारू नका. 'जास्त आंबट कोणती? जड कोणती? कोणाची चव तोंडात जास्त वेळ राहते? फुलांकडे झुकणारी कोणती, भाजलेल्या दाण्यांकडे झुकणारी कोणती?' असे प्रश्न विचारा. यांची उत्तरं पहिल्याच दिवशी देता येतात आणि शब्द त्यांच्यातूनच सुचतात.

तरीही सगळं एकसारखंच लागलं तर कारण बहुधा कॉफीत असतं. भाजणी फार गडद, दळून महिना उलटलेला, घोट चटका बसेल इतका गरम, किंवा कपात दूध-साखर.

घरच्या घरी कपिंग कसं करायचं?

कपिंग म्हणजे वाटीतल्या भुकटीवर थेट गरम पाणी ओतून कॉफी चमच्याने चाखणं. नोट्स शिकायला याहून सोपी आणि निष्पक्ष पद्धत नाही. ओतण्याचं कसब, फिल्टर, यंत्र यांचा प्रश्नच येत नाही, सगळ्या कॉफींना सारखीच वागणूक मिळते.

एससीएच्या (स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या) जुन्या कपिंग नियमावलीत दर १५० मिली पाण्याला ८.२५ ग्रॅम कॉफी हे प्रमाण आहे. २०० मिलीच्या वाटीला ११ ग्रॅम झाली. वाट्या एकाच आकाराच्या, काचेच्या किंवा चिनी मातीच्या घ्या. प्रत्येक कॉफीच्या किमान दोन वाट्या लावा, म्हणजे एखादा खराब दाणा एका वाटीत गेला तर लगेच कळतं.

दाणे आधी मोजा आणि मग प्रत्येक वाटीचे वेगळे दळा. एकदम दळून वाटून घेतले तर तो खराब दाणा सगळ्या वाट्यांत पसरतो. कॉफी बदलताना नव्या कॉफीचे ४-५ ग्रॅम दाणे आधी दळून फेकून द्या, कारण ग्राइंडरमध्ये आधीची भुकटी अडकलेली असते. दळण कागदी फिल्टरसाठी घेता त्यापेक्षा किंचित जाडसर ठेवा. दळल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कोरड्या भुकटीचा वास घ्या आणि लिहून ठेवा. हलके, उडून जाणारे सुवास इथेच सर्वांत स्पष्ट असतात.

मग साधारण ९३ अंश सेल्सिअसचं पाणी काठापर्यंत ओता. सगळी भुकटी भिजली पाहिजे. ४ मिनिटं हात लावू नका. वर जाड थर जमेल. चौथ्या मिनिटाला नाक वाटीच्या अगदी जवळ नेऊन चमच्याच्या मागच्या बाजूने हा थर तीनदा ढकलून फोडा. या क्षणी उठणारी वाफ फार बोलकी असते. चमचा तळापर्यंत घालून ढवळू नका. खाली बसलेला गाळ उठला तर त्या वाटीचा अर्क इतरांपेक्षा जास्त उतरतो आणि तुलना बिघडते. प्रत्येक वाटीनंतर चमचा गरम पाण्यात बुडवून झटका.

दोन चमच्यांनी वरचा फेस आणि भुकटी काढून टाका. पाणी ओतल्यापासून ८ ते १० मिनिटांनी, कॉफी ७० अंशांच्या आसपास आली की चाखायला सुरुवात करा. पहिली फेरी झाली की थांबा, ५० अंशांच्या आसपास दुसरी फेरी घ्या आणि खोलीच्या तापमानाजवळ तिसरी. तिसरी फेरी टाळू नका. वाईट कॉफी थंड झाल्यावर लपू शकत नाही आणि चांगली कॉफी थंड होताना अधिक गोड, अधिक स्पष्ट होत जाते.

भुरका मारणं खरंच गरजेचं आहे का?

हो. जोरात भुरका मारला की कॉफीचे बारीक थेंब तोंडभर उडतात, त्यांत हवा मिसळते, घोट थोडा निवतो आणि गंध नाकाकडे ढकलला जातो. पण निम्मं काम गिळल्यानंतरचं. थोडं तरी गिळा, तोंड मिटा, नाकाने सावकाश श्वास सोडा. आवाज मोठा काढून हा श्वास विसरणारे बरेच असतात आणि नोट्स त्यांच्या हातून तिथेच निसटतात.

किती गरम असताना चव घ्यावी?

एकाच तापमानाला नाही. ७० अंशांजवळ गंधाचा जोर असतो. ६० ते ४५ अंशांच्या दरम्यान आम्लता, गोडवा आणि पोत नीट वेगळे कळतात. ३५ अंशांखाली दोष आणि शेवटपर्यंत टिकणाऱ्या चवी उघड्या पडतात. 'गरम असताना लिंबाची साल, निवल्यावर पिकलेलं संत्रं' अशी नोंद एका शब्दाच्या नोंदीपेक्षा कितीतरी उपयोगी.

फ्लेवर व्हील कसं वापरायचं?

कॉफीचं फ्लेवर व्हील, म्हणजे चवी-गंधांचे शब्द गटांनुसार मांडलेली चक्राकार आकृती, अमेरिकेतल्या स्पेशालिटी कॉफी असोसिएशनने १९९५ मध्ये आणलं. २०१६ मध्ये ते नव्याने बांधलं गेलं. त्याचा पाया वर्ल्ड कॉफी रिसर्चचा संवेदी शब्दकोश आहे. त्यात ११० गुणांची व्याख्या आहे आणि प्रत्येक गुणाला प्रत्यक्ष वास घेता किंवा चाखता येईल असा संदर्भपदार्थ आणि त्याची ० ते १५ या मापावरची तीव्रता दिलेली आहे. म्हणजे 'ब्लॅकबेरी' हा शब्द कोणाच्या मनातली ब्लॅकबेरी नसून एक ठरलेला नमुना आहे.

वाचायचं आतून बाहेर. आधी मधल्या वर्तुळातला मोठा गट: फळ, फूल, दाणे-कोको, मसाला, गोड, भाजलेलं, हिरवट, आंबट-आंबवलेलं. फळ नक्की वाटलं तरच पुढच्या वर्तुळात जा: बेरी, सुकं फळ, लिंबूवर्गीय की इतर? मग सर्वांत बाहेर. जिथे खात्री संपते तिथे थांबा. 'लिंबूवर्गीय' हे पूर्ण उत्तर आहे. ग्रेपफ्रूट की मोसंबी हे कळत नसताना एक नाव ठोकून देण्यापेक्षा ते शंभर पटींनी बरं. शेजारच्या दोन खान्यांमधली फटही पाहा. फट रुंद असेल तर ते गुण एकमेकांपासून दूरचे आहेत.

व्हील पहिल्या घोटाआधी उघडू नका. आधी स्वतःचे शब्द लिहा, अडलात की मगच त्याकडे वळा. यादी समोर असली की मन यादीतलंच काहीतरी निवडतं.

आम्लता ओळखायला कसं शिकायचं? सगळंच आंबट लागतं.

तीन प्रश्न वेगळे ठेवा: किती आहे, कशासारखी आहे, आणि सुखद आहे की नाही. नवखी माणसं तिन्हींचं मिळून एकच उत्तर देतात आणि तिथेच गोंधळ होतो.

'कशासारखी' हे शिकायला आम्लं प्रत्यक्ष चाखणं सगळ्यात उत्तम. खाण्यायोग्य दर्जाची सायट्रिक आणि मॅलिक आम्लाची पूड घ्या. १ ग्रॅम पूड १०० मिली पाण्यात विरघळवा, हे मूळ द्रावण. एकाच साध्या, कमी आंबट कॉफीचे २०० मिलीचे तीन कप करा. पहिल्यात १० मिली साधं पाणी, दुसऱ्यात १० मिली सायट्रिक द्रावण, तिसऱ्यात १० मिली मॅलिक द्रावण घाला. पहिल्या कपातलं पाणी वगळू नका, नाहीतर आम्लाऐवजी पातळपणातला फरक चाखाल. आता प्रत्येक आम्लाच्या कपात लिटरला अर्धा ग्रॅम आम्ल वाढलेलं आहे.

सायट्रिक लिंबू-संत्र्यासारखं, पटकन वर येऊन पटकन ओसरणारं. मॅलिक हिरव्या सफरचंदासारखं, थोडं मऊ आणि जास्त वेळ टिकणारं. याच पद्धतीने लॅक्टिक घेतलं तर दह्यासारखा गोलसर आंबटपणा कळेल. ॲसेटिक म्हणजे व्हिनेगर. त्याचा झोंबरेपणा आधी नाकाला कळतो. किंचित असेल तर कॉफीला वाइनसारखी धार देतं, जास्त झालं की दोष. तासन्‌तास गरम ठेवलेल्या कॉफीचा रुक्ष, कडवट आंबटपणा वेगळा असतो. क्लोरोजेनिक आम्लं तुटून तयार होणाऱ्या क्विनिक आम्लाचा त्यात वाटा असतो.

सुखद आम्लतेला गोडव्याची साथ असते. फळाचं नाव सुचलं तर बहुधा ती सुखद आहे. फळ न आठवता नुसता चेहरा आकसला तर कॉफी नीट उतरलेली नाही किंवा भाजणी कच्ची आहे.

साखर न घालता कॉफी गोड कशी लागेल?

अरेबिका या कॉफीच्या प्रजातीच्या कच्च्या दाण्यात सुमारे ६ ते ९ टक्के सुक्रोज असतं, पण भाजताना ते जवळपास सगळं मोडतं. काळ्या कॉफीतला गोडवा मुख्यतः गंधाचा आहे: कॅरमल, मध, व्हॅनिला, पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू त्याला गोड समजतो. कडवटपणा कमी असणं आणि पोत मऊ असणं यांचीही मदत होते. म्हणून सरबतासारखा गोडवा शोधू नका. कोणता वास गोड आहे ते शोधा: मध, काकवी, कॅरमल की पिकलेलं फळ?

कडू, तुरट आणि आंबट यांत घोटाळा होतो.

कडू ही चव, तुरट हा स्पर्श. कॉफीतली पॉलिफिनॉल्स लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत होते. गिळल्यावर जीभ टाळूवर आणि दातांच्या मागे फिरवून पाहा. ती अडकत, ओढत चालली तर तुरट. कडू कॉफी टाळू कोरडा न करताही कडू लागते.

सरावासाठी काळा चहा २ मिनिटं आणि १० मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवून दोन कप करा. दुसऱ्यात तुरटपणा इतका वाढतो की पुन्हा गल्लत होणार नाही. आंबटसाठी १ लिटर पाण्यात ०.५ ग्रॅम सायट्रिक आम्ल, गोडसाठी १० ग्रॅम साखर आणि खारटसाठी १.५ ग्रॅम मीठ पुरे. सगळे पेले सारखे दिसतील असे ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी क्रम बदलायला सांगा.

बॉडी म्हणजे नेमकं काय?

तोंडात जाणवणारा जडपणा आणि पोत. जडपणासाठी हलकी, मध्यम, भारी. पोतासाठी पाण्यासारखी, चहासारखी, रेशमी, पाकासारखी, लोण्यासारखी, पिठूळ, खरखरीत. दोन्ही लिहा, कारण कॉफी भारी असूनही खरखरीत असू शकते आणि हलकी असूनही रेशमी. कागदी फिल्टर तेल आणि बारीक कण अडवतो, धातूची जाळी ते जाऊ देते. त्यामुळे एकच कॉफी दोन उपकरणांतून वेगवेगळ्या बॉडीची निघते.

नोट्स लिहायच्या कशा, म्हणजे दुसऱ्यालाही कळतील?

गट, त्यातली नेमकी वस्तू, आणि त्या वस्तूची अवस्था. तिसरा भाग बहुतेक जण गाळतात, आणि वर्णनात जीव तोच आणतो. 'सफरचंद' म्हटल्यावर काहीच ठरत नाही. हिरवं, करकरीत सफरचंद म्हणजे ठळक मॅलिक आम्लता. लाल, पिकलेलं म्हणजे कमी आंबट, जास्त गोड. शिजवलेलं म्हणजे मऊ, कॅरमलकडे झुकणारं. वाळवलेलं म्हणजे दाट गोडवा आणि दबलेली आम्लता. एकाच फळाच्या चार अवस्थांतून चार वेगळ्या कॉफी डोळ्यांपुढे येतात. तसंच लिंबाचा रस आणि लिंबाची साल वेगळी, कोको पावडर आणि दुधाळ चॉकलेट वेगळं, कच्चा शेंगदाणा आणि भाजलेला शेंगदाणा तर अगदीच वेगळा.

याच्या जोडीला तीव्रता लिहा (मंद, मध्यम, ठळक), कधी जाणवली ते लिहा (कोरड्या वासात, घोटाच्या सुरुवातीला, मध्ये, गिळल्यावर) आणि तापमान लिहा. उदाहरणार्थ: 'कोरड्या वासात जाई, ठळक. घोटात लिंबाची साल, मध्यम ते ठळक आम्लता. बॉडी हलकी, चहासारखी. निवल्यावर मध. शेवट स्वच्छ, साधारण अर्धा मिनिट टिकणारा, किंचित काळ्या चहाचा.' हे वाचून दुसरा माणूस तीच कॉफी चार वाट्यांतून शोधू शकेल, आणि वर्णनाची कसोटी हीच.

'छान', 'स्मूद', 'स्ट्राँग', 'प्रीमियम' हे शब्द वहीत नकोत. 'छान' ही आवड झाली, 'स्ट्राँग'मधून कडू, दाट की गडद भाजलेली ते कळत नाही. आवड लिहायची असेल तर वेगळ्या रकान्यात. एससीएने २०२३ मध्ये मांडलेल्या नव्या मूल्यांकन पद्धतीतही वर्णन आणि आवड यांचे अर्ज वेगळे केले आहेत.

किती नोट्स लिहाव्यात? दोन किंवा तीन खऱ्या. सात नोट्स लिहिल्या तर वाचणाऱ्याला एकही पटत नाही.

मी ब्लूबेरी किंवा बर्गमॉट कधी चाखलंच नाही. मग?

मग तो शब्द वापरू नका. तुमच्या ओळखीचं जे फळ, फूल, मसाला आठवतो तो लिहा आणि गट सोबत ठेवा: 'गडद रंगाचं बेरीसारखं फळ, काळ्या द्राक्षाकडे झुकणारं'. दुसरीकडे साठा वाढवत राहा. बाजारात एखादं नवं फळ दिसलं तर आधी सालीचा वास, मग गराचा, मग चव, आणि प्रत्येकाला एक शब्द. स्वयंपाकघरातल्या मसाल्यांचे डबे डोळे मिटून हुंगा. वस्तू रोजची असूनही डोळे मिटल्यावर नाव पटकन येत नाही, आणि खरा सराव तिथेच होतो. जाँ लनुआर यांचा 'ल ने द्यु कॅफे' हा ३६ गंधांच्या कुप्यांचा संच बरेच व्यावसायिक वापरतात. उपयोगी आहे, पण त्यावाचून अडत नाही.

पाकिटावर लिहिलेल्या नोट्स मला लागत नाहीत. चूक कोणाची?

बहुतेकदा परिस्थितीची. भाजणाऱ्याने त्या नोट्स कपिंगमध्ये, त्याच्या पाण्याने, भाजून ठरावीक दिवस झाल्यावर लिहिलेल्या असतात. तुमच्याकडे यांतलं काहीही वेगळं असू शकतं.

पहिला संशय पाण्यावर घ्या. पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर ते आम्लं मारून टाकतं. लिंबू, बेरी गायब होतात आणि खडूसारखी सपाट चव उरते. उलट क्षारच नसलेल्या पाण्यात कॉफी धारदार आणि पोकळ लागते. एकूण विरघळलेले क्षार १५० पीपीएमच्या आसपास आणि क्षारता (मुख्यतः बायकार्बोनेट) ४० पीपीएमच्या आसपास असेल तर बहुतेक नोट्स मोकळ्या होतात.

दुसरा संशय वयावर. भाजल्यावर पहिले काही दिवस दाण्यांत कार्बन डायऑक्साइड ठासून असतो, तो पाणी नीट आत शिरू देत नाही आणि चवीला बोचरेपणा आणतो. हलक्या भाजणीच्या कॉफीला फिल्टरसाठी एक ते दोन आठवडे द्या. तिसरा संशय अर्कावर, म्हणजे दाण्यांतलं किती पाण्यात उतरलं यावर. कमी उतरलेली कॉफी आंबट, किंचित खारट आणि झटकन संपणारी असते: दळण बारीक करा. जास्त उतरलेली कडू आणि टाळू कोरडा करणारी असते: दळण जाड करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

हे सगळं नीट असूनही नोट लागली नाही तर तुमचं निरीक्षण पाकिटाइतकंच ग्राह्य धरा. आणि पाकीट चाखून झाल्यावरच वाचा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या एका प्रयोगात गंधहीन रंगाने लाल केलेल्या पांढऱ्या वाइनचं वर्णन चाखणाऱ्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळ्यांनी एवढा फरक पडतो, तर छापील शब्दांनी पडणारच.

प्रदेश, जात आणि प्रक्रिया पाहून नोट्सचा अंदाज बांधता येतो का?

बांधता येतो, पण पैज लावू नका. प्रक्रियेचा ठसा सगळ्यात लवकर ओळखू येतो. वॉश्डमध्ये आम्लता स्पष्ट आणि कप स्वच्छ. नॅचरलमध्ये फळ सालीसकट वाळवतात, त्यामुळे बेरी, सुकं फळ, वाइनसारखा आंबवलेला वास आणि भारी बॉडी. हनी (साल काढून, थोडा गर ठेवून वाळवलेली) या दोघांच्या मधली. इंडोनेशियातल्या सुमात्रात दाणे ओले असतानाच त्यांचं टरफल काढतात, तिथून मातकट, लाकडी, औषधी वनस्पतींसारख्या नोट्स येतात.

इथिओपियाच्या यिर्गाचेफेची वॉश्ड कॉफी जाई, बर्गमॉट, लिंबू यांसाठी ओळखली जाते. केनियातल्या एसएल-२८ आणि एसएल-३४ या जाती ब्लॅककरंट, ग्रेपफ्रूट आणि कधीकधी टोमॅटोसाठी. गेशा ही मूळ इथिओपियाची जात २००४ मध्ये पनामातल्या स्पर्धेत हासियेंदा ला एस्मेराल्दा या मळ्याच्या कॉफीमुळे जगासमोर आली, ती तिच्या फुलांच्या गंधामुळे. ब्राझीलमध्ये दाणे, चॉकलेट आणि कमी आम्लता जास्त भेटते. हे शब्द आधीच डोक्यात असतील तर नाक तेच शोधतं, म्हणून सरावात वाट्यांखाली चिठ्ठी लावा आणि शेवटी उलटून पाहा.

भाजणीची चव आणि दाण्याची चव वेगळी कशी काढायची?

हलक्या भाजणीत फूल, फळ आणि आम्लता दाण्याची. मध्यम भाजणीत त्यावर कॅरमल, भाजलेले दाणे, दुधाळ चॉकलेट चढतं. गडद भाजणीत धूर, राख, कडू चॉकलेट, मिरी-लवंग पुढे येतात, आणि दोन वेगवेगळ्या देशांच्या कॉफी एकसारख्या लागायला लागतात. भाजणीच्या चुकाही ओळखता आल्या पाहिजेत. कच्ची राहिलेली कॉफी गवत, कच्चा वाटाणा, धान्य यांच्याकडे जाते. फार मंद आचेवर रेंगाळलेली कॉफी पाव किंवा पुठ्ठ्यासारखी सपाट लागते. करपलेल्या दाण्यांचा राखेचा वास गिळल्यावरही मागे राहतो.

दोषांच्या नोट्स कोणत्या?

कच्च्या फळातले दाणे भाजल्यावर फिकट राहतात. त्यांना क्वेकर म्हणतात आणि ते शेंगदाणा, कागद, सुकं धान्य असे लागतात. भाजल्यावर पसरून दिसले तर वेचून काढा, कप लगेच गोड होतो. कच्च्या बटाट्याच्या सालीचा वास हा रवांडा-बुरुंडी भागातल्या कॉफीत आढळणारा दोष. एकच दाणा पुरतो, आणि शेजारची वाटी निर्दोष असू शकते. औषधासारखा, आयोडीनचा वास म्हणजे फिनॉलिक दोष. कुबट, ओल्या गोणपाटाचा वास साठवणीतला. नेलपॉलिश किंवा तिखट व्हिनेगर म्हणजे आंबवण्याची प्रक्रिया हाताबाहेर गेलेली.

दोन अनुभवी माणसांना एकाच कपात वेगळं का लागतं?

नाकं जन्मतः सारखी नसतात. बीटा-आयोनोन या व्हायोलेट फुलांसारख्या गंधद्रव्याचं उदाहरण घ्या: एका जनुकातल्या फरकामुळे काहींना तो स्पष्ट फुलांचा वाटतो, काहींना जवळपास कळतच नाही. शिवाय आठवणींचा साठा वेगळा. म्हणून गटात चाखताना सगळ्यांनी आधी मुकाट्याने लिहायचं आणि मगच बोलायचं. पहिला बोलणारा 'पीच' म्हणाला की टेबलभर पीच पसरतं. शब्द जुळले नाहीत तरी गट बहुधा जुळतो: एक जर्दाळू म्हणतो, दुसरा पीच. दोघंही बरोबर असू शकतात.

प्रगती होतेय की नाही हे कसं तपासायचं?

त्रिकोणी चाचणीने. तीन वाट्या, दोनांत एक कॉफी, तिसऱ्यात दुसरी. वेगळी ओळखायची. एका संचात नुसत्या अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता तीनात एक, म्हणून सहा संच लावा. सहापैकी पाच किंवा सहा बरोबर आले तर तो नशिबाचा भाग नाही: अंदाजाने तसं होण्याची शक्यता २ टक्क्यांहूनही कमी. सुरुवातीला दूरच्या कॉफी घ्या, मग एकाच देशाच्या, मग एकाच कॉफीच्या दोन भाजण्या.

एका बैठकीत किती कप, आणि आधी काय पाळायचं?

सुरुवातीला चार ते सहा वाट्या पुष्कळ झाल्या. त्यानंतर नाक सरावतं आणि सगळं सारखं वाटू लागतं. बाहेर मोकळ्या हवेत पाच मिनिटं थांबा, कोमट पाणी प्या, बिनमिठाचं साधं बिस्किट खा. जास्त वाट्या असतील तर थुंकायला पेला ठेवा. अर्धा तास आधीपासून टूथपेस्ट, तिखट, सिगारेट नको. अत्तर त्या दिवशी नकोच. सर्दी असेल तर बैठक पुढे ढकला.

एस्प्रेसोत किंवा दुधाच्या कॉफीत नोट्स ओळखता येतात का?

एस्प्रेसोत विरघळलेले घटक साधारण ८ ते १२ टक्के असतात, फिल्टर कॉफीत १.१५ ते १.४५ टक्के. इतक्या तीव्रतेत आम्ल आणि कडू बाकीच्यांना झाकून टाकतात. आधी चमच्याने तळापासून ढवळा, कारण घट्ट भाग खाली बसतो. एक घोट तसाच घ्या, मग त्यात दुप्पट ते तिप्पट गरम पाणी घालून पुन्हा चाखा: दबलेलं फळ आणि फूल वर येतं. दुधातली प्रथिनं तुरटपणा आणि कडवटपणा बांधून ठेवतात आणि स्निग्धांश बऱ्याच गंधद्रव्यांना धरून ठेवतो. त्यामुळे नाजूक फुलं आणि लिंबू हरवतात, तर चॉकलेट, कॅरमल, दाणे आणि नॅचरल प्रक्रियेची ठळक बेरी टिकतात. दुधात चाखायचंच असेल तर आधी तीच कॉफी काळी चाखून लिहून ठेवा, मग दुधातली नोंद तिच्या शेजारी करा.